सरांच्या नावावरच्या अकरा फाइली

“स्वरूपा, जरा इकडं ये. हे मी केलंय का गं?”

कारदगे सरांनी खुर्ची मागं सरकवून मला पडद्यासमोर जागा करून दिली. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. बाहेरच्या खोलीतला फोन ठेवला की पुन्हा वाजत होता. कालपासून शाळांमधून एकच तक्रार येत होती: संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. तोवर सदतीस शाळा झाल्या होत्या.

सरांचं बोट एका फाइलीच्या तळाच्या नोंदीवर होतं. तारीख आधीच्या गुरुवारची. पुढं ‘बा. ना. कारदगे’. त्यापुढं ‘आवृत्ती वाढवली, पत्ता बदलला’.

“नाव तर तुमचंच आहे, सर,” मी म्हणाले.

“ते दिसतंय गं. मला आठवत नाही म्हणून विचारतोय.”

“गुरुवारी तुमचं डोकं दुखत होतं ना? त्यामुळं असेल.”

सर ‘हं’ म्हणाले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. ती नोंद सरांनी केलेलीच नव्हती. ती मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमनं केली होती, आणि हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

गोष्ट दोन हजार नऊ सालची. मी चोवीस वर्षांची होते आणि ही माझी पहिली नोकरी. मिरजेत एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची संस्था होती. लोकांनी दान केलेले जुने संगणक दुरुस्त करून खेड्यापाड्यांतल्या शाळांना द्यायचे, आणि त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली मराठीत करून घालायची, हे आमचं काम. आमच्या लिनक्सचं नाव ‘पाटी’. तिच्यात तीनशेच्या वर छोटे-मोठे प्रोग्रॅम होते आणि प्रत्येकाची एक फाइल असे: हा प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावरून आणायचा, कुठली आवृत्ती घ्यायची, कसा जोडून तयार करायचा. फाइलीच्या डोक्यावर ती सांभाळणाऱ्याचं नाव, आणि तळाला कोणी कधी काय बदललं त्याच्या नोंदी. सर्व्हरवर आम्ही सगळे एकाच खात्यातून काम करायचो, त्यामुळं कोणी काय केलं ते कळायचं ते फक्त या नोंदींवरून. ज्याचं नाव डोक्यावर, त्यानंच फाइलीला हात लावायचा, हा तिथला शिरस्ता होता. तो सरांनीच घातलेला.

सर पॉलिटेक्निकमधून मुदतीआधी निवृत्ती घेऊन आलेले. मला त्यांनी हाताला धरून सगळं शिकवलं. त्यांचा एकच हट्ट असायचा.

“वाचल्याशिवाय फाइल बदलायची नाही. अख्खी वाचायची. एक ओळ बदलायची असली तरी.”

दर सहा महिन्यांनी नवी ‘पाटी’ निघायची, आणि त्याआधी तीन आठवडे आम्ही दोघं तीनशे फाइली एकेक करून उघडायचो, वाचायचो, आकडे बदलायचो, तळाला नोंद लिहायचो. सर वहीत फाइलीचं नाव लिहून पुढं पेन्सिलीनं टिक करायचे. मला या कामाचा मनस्वी कंटाळा होता. जे काम यंत्र चार मिनिटांत करेल त्यासाठी दोन माणसांनी तीन आठवडे मान मोडायची, हे मला निव्वळ खुळेपणाचं वाटायचं. मी दोनदा सरांना म्हटलंही, की स्क्रिप्ट लिहू या. दोन्ही वेळा सर म्हणाले, “स्क्रिप्ट वाचत नाही गं. नुसती शोधते.”

मग मी न सांगता लिहिली. फाइल उघडायची, आवृत्तीचा आकडा ताज्या यादीवरून बदलायचा, जुना पत्ता काढून नवा घालायचा, तळाला नोंद करायची. नोंदीत नाव कोणाचं? फाइलीच्या डोक्यावर असेल ते उचलायचं. शब्दही सरांचेच घेतले, ते वर्षानुवर्षं लिहायचे तेच. शिरस्त्यालाही धक्का नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर सरांच्या फाइलींवर माझं नाव पडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी चोरी उघडी पडली असती, आणि ते मला नको होतं. नवी ‘पाटी’ शनिवारी सुखरूप बाहेर पडू दे, मग सरांना सांगू, असा माझा बेत होता. त्यांचा चेहरा कसा होईल तेही मी मनात रंगवून ठेवलं होतं.

त्या गुरुवारी माझ्या साठेक फाइली राहिल्या होत्या आणि सरांच्या अकरा. जेवणाच्या सुट्टीत सर डोकं दाबत खाली चहाला गेले, आणि मी स्क्रिप्ट चालवली. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. सर परत आले, डोकं थांबत नाही म्हणून तसेच घरी गेले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वही उघडली.

“माझ्या अकरा राहिल्या होत्या ना?”

“झाल्यात की, सर,” मी म्हणाले. मला हसू आवरत नव्हतं.

“झाल्यात?” त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली. मग बोट ठेवून वही पुन्हा तपासली. वहीत त्या अकरा नावांपुढं टिक नव्हती.

शनिवारी सगळ्या फाइली नव्या फोल्डरमध्ये उतरवल्या गेल्या, प्रत्येकीवर शनिवारचीच वेळ पडून गुरुवारची पुसली गेली, आणि नवी ‘पाटी’ बाहेर पडली; शाळांचे संगणक ती फोनच्या तारेवरून आपोआप उतरवून घ्यायचे. मी सांगणार होते, पण सर दुपारीच जयसिंगपूरला गेले. तिथं त्यांचे थोरले भाऊ होते, आण्णा. सर दर शनिवारी त्यांच्याकडं जायचे. आण्णा एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ‘ही सही माझी नाही’ म्हणून साहेबाशी भांडायला लागले. पुढं सहा महिन्यांत बायकोला ओळखेनासे झाले. सरांच्या वडिलांचंही असंच झालं होतं, त्याच वयाच्या सुमारास. हे सरांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, अगदी सहज, डबा खाताना.

त्या वर्षी सर सत्तावन्न वर्षांचे होते.

मंगळवारी मी त्यांच्या शेजारी उभी होते तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. आणि पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसत होती. काळ्या पडद्याला कारण झालेली ही फाइल जुन्या संगणकांच्या पडद्याचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमची होती. तिच्यात आवृत्तीच्या ओळीच्या बरोबर वर सरांनी वर्षापूर्वी लिहून ठेवलं होतं: ‘ही आवृत्ती वाढवू नये. दान आलेल्या जुन्या संगणकांचा पडदा काळा होतो. बा. ना. का.’

अशा सूचनेच्या ओळींना सुरुवातीला एक खूण असते. खूण असलेली ओळ सोडून पुढं जायचं, असं मी स्क्रिप्टला सांगितलं होतं.

“माझीच सूचना,” सर म्हणाले. “आणि तिच्याखाली मीच आकडा वाढवला. वाचलं कसं नाही मी?”

तेवढ्यात इनामदार बाईंनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. बाई संस्थेच्या प्रमुख. बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण मनात काही न ठेवणाऱ्या.

“कुणाच्या हातून झालं?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं की नव्हतं, मला आजही नक्की सांगता येत नाही. सर आधी बोलले.

“माझ्या. फाइल माझी आहे, नोंद माझी आहे.”

“तुमच्या? सर, तुमच्या हातून?” बाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं, होतं कधीकधी. ज्या शाळांमध्ये कुणी जाणकार आहे त्यांना फोनवर सांगू. बाकीच्यांचं काय?”

“मी जातो. चूक माझी आहे.”

“स्वरूपा, तू सरांबरोबर जा,” बाई म्हणाल्या. “आणि शीक जरा त्यांच्याकडून. स्वतःहून चूक कबूल करणारी माणसं राहिली नाहीत आता.”

मी जागेवर आले आणि स्क्रिप्ट पुसून टाकली. भीतीनं. नोकरीत कायम व्हायला मला दोन महिने राहिले होते, पण भीती तेवढीच नव्हती. मी हुशार आहे असं त्या कचेरीत सगळे म्हणायचे आणि त्याची मला चटक लागली होती. सर्व्हरवर पुसलेलं परत मिळत नाही. घरच्या संगणकावर एक प्रत होती, ती संध्याकाळी पुसली.

बुधवारी आम्ही जवळच्या तीन शाळा केल्या. गुरुवारी जत तालुक्याच्या टोकाला असलेल्या एका वस्तीवरच्या शाळेत गेलो. मिरजेहून एस. टी., पुढं वडापची जीप. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत सीडी. डफळापूर मागं पडलं. मग ते एकदम म्हणाले,

“शुक्रवारपासून झोप नाही बघ. त्या अकरा फाइली मी कधी केल्या ते आठवायचा प्रयत्न करतोय. एकही आठवत नाही. केल्याचं आठवत नाही आणि टिक करायचंही राहिलं. आण्णाचं असंच सुरू झालं होतं. सही त्याचीच होती गं. आम्ही सगळे त्याला सांगत होतो, अरे, ही तुझीच सही आहे. त्याला ते पटेना म्हणून तो चिडायचा. मी चिडणार नाही. मी ठरवलंय. माझं नाव आहे म्हणजे मीच केलं.”

“सर, एखादी गोष्ट विसरली म्हणून लगेच...”

“अकरा, स्वरूपा.”

शेजारच्या बाकावर एक बाई कोंबडी घेऊन बसली होती आणि कोंबडी सारखी फडफडत होती. मी तिच्याकडं बघत राहिले. आता बोल, आता बोल, असं मी मनात म्हणत होते, आणि प्रत्येक थांब्याला म्हणत होते की पुढच्या थांब्याला सांगू.

शाळेत एक शिपाई आमची वाट बघत उभा होता. “सोमवारपास्नं काळंच हाय बघा,” तो म्हणाला. “पोरं रोज येऊन बटण दाबत्यात आन् बघून जात्यात.”

सर संगणकासमोर बसले. सीडी घातली. पडदा काळाच होता, त्यामुळं आपण काय टाइप करतोय ते दिसायची सोय नव्हती. आधीच्या शाळांमध्ये आम्ही कचेरीतला एक पडदा उचलून नेला होता, तो जोडून काम केलं होतं. इतक्या लांब तो आणणं जमलं नव्हतं. सरांनी डोळे मिटले आणि टाइप करायला लागले. खात्याचं नाव, पासवर्ड, मग सीडी जोडायची आज्ञा, मग जुनी आवृत्ती परत घालायची आज्ञा, तिच्यातली लांबलचक फाइलीची नावं, आकडे, टिंबं, आडव्या रेघा. मध्ये एकदा थांबले, एक अक्षर मागं घेतलं, पुढं गेले. दोन-तीन मिनिटं खोलीत फक्त कळांचा आवाज होता. शेवटची कळ दाबून ते मागं टेकले. संगणक बंद होऊन परत सुरू झाला आणि पडदा उजळला.

दारात जमलेली पोरं ओरडली. शिपायानं हात जोडले.

“सर, हे ज्याला विसरायला होतं त्याला जमेल का?” मी म्हणाले. “एक अक्षर न बघता!”

“हे हात करतात गं,” सर म्हणाले. “आण्णा अजून पेटी वाजवतो. फर्मास वाजवतो. वाजवून झालं की विचारतो, ही पेटी कुणाची.”

परत येताना ते म्हणाले की शनिवारी सांगलीला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सोमवारी बाईंना राजीनामा देणार आहेत, आणि स्कूटरची किल्ली त्यांनी सुमतीकाकूंच्या, त्यांच्या पत्नीच्या, हवाली केली आहे. “रस्त्यात एखाद्याला उडवलं आणि ते पण आठवलं नाही तर?” असं म्हणून ते हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. मी झोपेचं सोंग घेतलं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सुमतीकाकू भाजी आणायला बाहेर पडत होत्या. “बरं झालं आलीस,” त्या दारातच हळू आवाजात म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काही दिसत नाही, सहा महिन्यांनी परत या. यांनी त्यातलं ‘आत्ता तरी’ तेवढंच धरलंय. बोल जरा त्यांच्याशी.”

सर पडवीत बसले होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. स्क्रिप्ट, गुरुवारची सुट्टी, नाव कुठून उचललं, शब्द कुठून घेतले, सूचनेची ओळ का सुटली. सांगताना मला रडू यायला लागलं आणि ते थांबेना.

सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, “कुठं आहे ती स्क्रिप्ट?”

“पुसली.”

“का गं?”

“घाबरले, सर.”

“घरच्या संगणकावर?”

“तिथलीही.”

त्यांनी मान हलवली. मी वर बघितलं तर ते माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होते की मला काही कळेना. मग कळलं.

“सर, मी खरं सांगतेय!”

“ऐक. तू शुक्रवारी काय म्हणालीस? झाल्यात की, सर. मंगळवारी मी तुला सरळ विचारलं. तू म्हणालीस, नाव तुमचंच आहे. गेली दोन वर्षं मी तुला बघतोय. तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस कधी. पहिल्यांदा बोलतेयस ती आज, आणि ते का बोलतेयस ते मला समजतं.”

“मी आत्ता लिहून दाखवते. परत. तुमच्यासमोर.”

त्यांच्या घरच्या संगणकावर मी ती पुन्हा लिहिली. सर शेजारी खुर्ची घेऊन बसले. अर्ध्यावर आले असताना त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “इथं कंस बंद केला नाहीस. आणि हा आकडा असा शोधलास तर तारखेतला आकडापण बदलेल.” दोन्ही बरोबर होतं. पहिल्या वेळी या दोन चुका शोधायला मला दोन दिवस लागले होते. मी तसं त्यांना सांगितलं. ते ‘असं का’ म्हणाले.

स्क्रिप्ट पुरी झाली. त्यांच्याकडं असलेल्या फाइलींच्या जुन्या प्रतींवर मी ती चालवली. अकराही फाइली बदलल्या, तळाला सरांच्या नावानं नोंदी पडल्या, पडद्याच्या फाइलीतली सूचना जशीच्या तशी राहिली आणि तिच्याखालचा आकडा वाढला. सगळं हुबेहूब.

“बघा,” मी म्हणाले. “बघा, सर.”

सर खरोखर बघत होते. वरून खाली, अख्खी स्क्रिप्ट त्यांनी वाचली. “छान लिहिलीस,” ते म्हणाले. “मी उगाच नको म्हणत होतो. सूचनेची ओळ आली की थांबून माणसाला विचार, एवढं एक घाल तिच्यात. पुढच्या खेपेला वापरा हीच.”

“अहो, पण अशीच लिहिली होती मी तेव्हा!”

“आज लिहिलीस, ते मी पाहिलं. तेव्हाचं मला कसं कळणार?”

काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. माझं तोंड रडून सुजलेलं होतं. सर त्यांना म्हणाले, “ही बघ काय करायला आलीय. म्हणते, तुमची चूक नव्हती, मीच केलं सगळं. आता बोल! पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं.” काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि “असू दे, असू दे” म्हणत होत्या.

सोमवारी मी बाईंकडं गेले. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “सरांचा फोन आला होता काल. म्हणाले, ती येईल आणि स्वतःवर घेईल, तिच्या कागदावर काही चढवू नका. स्वरूपा, तुझं मन मोठं आहे, पण राजीनामा त्यांनी दिलाय आणि मी तो घेतलाय. जा, काम कर.”

मी गेले. आणि एक गोष्ट इथं लिहायला मला फार जड जातंय, पण ती लिहिली नाही तर या सगळ्याला अर्थ नाही. बाईंच्या खोलीतून बाहेर येताना मला हलकं वाटलं. मी सांगून टाकलं होतं. दोघांना सांगितलं होतं. त्यांनी मानलं नाही त्याला मी काय करू, असं मला वाटलं, आणि त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

सर आणखी तीन आठवडे येत होते. आपल्या फाइली माझ्या नावावर करून द्यायच्या म्हणून. एकशे अठरा फाइली होत्या. स्क्रिप्टनं करू का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. ते एकेक उघडायचे, अख्खी वाचायचे, डोक्यावरचं आपलं नाव काढून माझं घालायचे, तळाला नोंद करायचे, वहीत टिक करायचे. मी शेजारच्या टेबलावर बसलेली असायचे. त्या तीन आठवड्यांत मी तो विषय एकदाही काढला नाही. ते गेल्यावर मी सगळ्या फाइली तपासल्या. एकाही फाइलीत एकही चूक नव्हती. उलट माझ्या ध्यानात न आलेल्या चार जुन्या चुका त्यांनी जाता जाता दुरुस्त केल्या होत्या.

दोन महिन्यांनी मी कायम झाले, तीन वर्षांनी पुण्याला मोठ्या नोकरीवर गेले. सुरुवातीला दिवाळीला फोन करायचे. मग तेही राहिलं.

गेल्या वर्षी सर गेल्याचं कळलं. झोपेतच गेले, हृदय थांबून. एकाहत्तर वर्षांचे होते. मी मिरजेला काकूंना भेटायला गेले. त्या खूप वाळल्या होत्या, पण बोलणं तसंच होतं, थेट. माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून त्या म्हणाल्या,

“रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा माझं लग्नाआधीचं नाव घ्यायचे. सुमती शामराव पाटील. मग माझं माहेरचं गाव. मग लग्नाची तारीख. मग तिन्ही नातवंडांची नावं, मोठ्यापासून. रोज गं. एकदाही चुकले नाहीत चौदा वर्षांत. चुकत नाही म्हणून आनंद नाही, आज नाही चुकलो, उद्या चुकेन, एवढंच. स्कूटर विकली. देशपांड्यांचा मुलगा गणिताला यायचा, त्याला बंद केलं, म्हणाले, त्याला काहीतरी चुकीचं शिकवीन. काशीला जायचं होतं मला, तर म्हणाले, तिथं हरवलो तर तू काय करशील.”

मी पाण्याला हात लावला नव्हता.

“त्या रविवारी तू आली होतीस,” काकू म्हणाल्या. “खरं होतं का ते?”

“हो, काकू.”

त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या मनाशी हिशेब लावत होत्या.

“त्या दिवशी तू किती रडत होतीस. मला वाटलं, दया येऊन बोलतेय. यांनाही तेच वाटलं,” त्या म्हणाल्या. “पण दया येऊन माणूस एकदा येतं गं. तेच सांगायला दुसऱ्यांदा येत नाही. मी पुष्कळ दिवस वाट बघितली तुझी. आठ दिवसांनी, महिन्यानं, कधीही आली असतीस ना परत, तर मी ओळखलं असतं. आणि यांना पटवायचं काय, ते मी बघितलं असतं.”